कपड्यांचा हिशेब : गरजेचं, द्यायचं आणि आपल्या आवडीचं



गटाच्या बैठकीत आपण धानाच्या बियाण्याचा खर्च मोकळेपणानं सांगतो. खताच्या बॅगेचा भाव सांगतो, पोरांच्या फीसाठी कर्ज मागतो. पण कपड्यांचं नाव निघालं की आवाज खाली जातो. कर्जाच्या अर्जावर "घरखर्च" लिहिलं जातं आणि त्यातले काही पैसे लग्नाच्या कापडात जातात. कुणी नवीन पातळ नेसून आली की मागून हळूच ऐकू येतं, "बचत भरायला पैसे नाहीत अन् साडी बघा कशी कोरी करकरीत!" मग ती ताई पुढच्या वेळी साडी लपवते आणि तिचा खर्चही लपवते. लपवलेला खर्च वहीत येत नाही. वहीत जो खर्च येत नाही, त्यावर कुणाचाच ताबा राहत नाही.

आपल्या पंचसूत्रीत नियमित हिशेब लिहिणं आहेच. तोच नियम या वेळी आपण कपड्यांच्या पेटीला लावून बघू. कपड्यांवर किती खर्च करावा आणि आपली हौस कशी पुरवावी, हा या अंकाचा पाठ. "साड्या घेऊ नका" असं सांगायला हा पाठ लिहिलेला नाही. उलट हिशेब नीट मांडला तर दिसतं, की बाईनं स्वतःच्या आवडीवर केलेला खर्च बहुतेक वेळा सगळ्यात थोडा असतो. पैसा जातो तो दुसरीकडेच. कुठे जातो ते बघू.

वहीत तीन रकाने पाडा

एका कोऱ्या पानावर तीन रकाने पाडा.

पहिला रकाना : गरजेचं. यात घरातल्या सगळ्यांचे रोजचे कपडे, पोरांचे शाळेचे कपडे, थंडीसाठी स्वेटर आणि शाल येतात. कामाचे कपडेही इथंच लिहायचे. रोवणीला साडीवरून घालायचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, तेंदूपत्ता तोडायला जंगलात जाताना अंगभर कापड, पायात काटा घुसणार नाही अशी मजबूत चप्पल किंवा बूट, हे सगळं गरजेचं आहे. आतले कपडे आणि पाळीतलं कापड किंवा पॅडही याच रकान्यात येतात. पैसे कमी पडले की आपण पहिली काटछाट तिथंच करतो, कारण ते बाहेर कुणाला दिसत नाही. पावसाळ्यात नीट न वाळलेलं ओलसर कापड वापरलं की खाज सुटते, पुरळ येतं आणि दवाखान्याचा खर्च वेगळाच. म्हणून हा खर्च शेवटी उरलेल्या पैशातून करायचा नाही. तो यादीत सगळ्यात वर लिहायचा.

दुसरा रकाना : द्यायचं. लग्नातले आहेर, मानपानाच्या साड्या, पुरुषमाणसांची टॉवेल-टोपी, बारसं, लेकीची ओटी, भाऊबीज, मंडईला आलेल्या माहेरवाशिणी, असं सगळं यात येतं.

तिसरा रकाना : आवडीचं. आपण आपल्यासाठी, आपल्या पसंतीनं घेतलं ते. मग ती साडी असो, ड्रेस असो, बांगड्या असोत की ब्लाऊजला लावलेली लेस.

आता एक घर उदाहरणाला धरू. घरात पाच माणसं. आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत, तुम्ही आपल्या बाजारातले भाव लिहा. वर्षभरात गरजेच्या कपड्यांवर ७,००० रुपये गेले. वर्षात सहा लग्नं आली. प्रत्येक लग्नात ५०० ची साडी आणि ४०० चे टॉवेल-टोपी व कापड, म्हणजे ९०० रुपये. सहा लग्नांचे झाले ५,४००. शिवाय एका जवळच्या लग्नात मानपानाच्या पाच साड्या, ६०० प्रमाणे ३,०००. द्यायच्या रकान्याची बेरीज ८,४००. त्या ताईनं स्वतःसाठी हौसेनं ७०० ची एक साडी घेतली, ब्लाऊजची शिलाई आणि फॉल-पिको धरून १,००० झाले.

एकूण खर्च १६,४०० रुपये. शंभर रुपयांतले साधारण ४३ गरजेवर, ५१ द्यायच्यावर आणि ६ तिच्या आवडीवर गेले. आणि "बाईला साड्यांची लई हौस" हे बोलणं तिला ऐकावं लागलं ते त्या ६ रुपयांसाठी!

किती खर्च बरोबर?

सगळ्यांना लागू पडेल असा एकच आकडा नसतो. तरी मापासाठी एक आधार घेता येतो. केंद्र सरकार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी करतं. २०२३-२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात दरमहा दरमाणशी सरासरी खर्च ४,१२२ रुपये आला. त्यात कपडे, अंथरूण-पांघरूण आणि चपला-बूट मिळून शंभरातले सहा-सात रुपये होते.

ही सरासरी आहे, त्यात मोठे शेतकरीही आले. म्हणून रक्कम बघू नका, वाटा बघा. तुमच्या घरचा महिन्याचा सगळा खर्च १२,००० असेल, तर त्यातले सहा-सात टक्के म्हणजे ७२० ते ८४० रुपये. वर्षाचे साधारण ८,६०० ते १०,०००. तुमचा आकडा याच्या जवळपास असेल तर घाबरायचं कारण नाही. दुप्पट असेल तर कोणता रकाना फुगला आहे ते बघा. आणि खूपच कमी असेल तर खूश होण्याआधी तपासा, की घरातल्या कुणाचं गरजेचं कापड राहून तर गेलं नाही? बहुतेक वेळा ते माउलीचंच राहिलेलं असतं.

पैसा येतो एका महिन्यात, कापड लागतं दुसऱ्या महिन्यात

आपल्या जिल्ह्यातल्या घरात पैसा दरमहा येत नाही. धान कापलं, मळलं, खरेदी केंद्रावर नेलं, काटा झाला, मग कधीतरी चुकारे खात्यावर येतात. पण दिवाळी चुकाऱ्यांची वाट बघत नाही. हलका धान निघत असतो, भारी धान अजून बांधीत उभा असतो आणि दिवाळी दारात येते. तिच्या मागोमाग भाऊबीज आणि गावोगावच्या मंडया. पाहुणे येतात, रात्री नाटक-दंडार असते, पोरांना नवे कपडे हवे असतात. नेमक्या याच दिवसांत हात रिकामा असतो. पुढे उन्हाळ्यात लग्नसराई येते, तेव्हा आपण मोहफुलं आणि तेंदूपत्त्याच्या पैशावर डोळा ठेवून असतो.

म्हणून मग उधारी होते. उधारीवर कापड घेताना भाव करता येत नाही, दुकानदार सांगेल तो भाव. पसंतीही त्याचीच. कर्ज काढलं तर काय होतं ते बघू. गटातून ६,००० रुपये शेकडा दोन रुपये महिना व्याजानं घेतले आणि दरमहा ६०० मुद्दल फेडत गेलो, तर दहा महिन्यांत व्याज होतं ६६० रुपये. ते व्याज निदान आपल्याच गटात राहतं. तेच ६,००० बाहेरून शेकडा पाच रुपयांनी घेतले आणि मुद्दल दहा महिने तसंच राहिलं, तर व्याजच होतं ३,०००. म्हणजे ५०० ची साडी ७५० ला पडली.

यावर उपाय साधा आहे. चुकारे हातात आले, तेंदूपत्त्याची मजुरी किंवा बोनस आला, की त्याच आठवड्यात पुढच्या दिवाळीच्या कापडाचे पैसे बाजूला काढायचे. घरात डब्यात ठेवले तर खर्च होतात, म्हणून बँकेत आवर्ती खातं काढा. महिन्याला २०० टाकले तरी दहा महिन्यांत २,००० जमतात. रोख पैसे घेऊन बाजारात गेलेल्या बाईला भाव करता येतो, चार दुकानं फिरता येतात आणि "नको" म्हणून परतही येता येतं. लग्नसराई उलटल्यावर दुकानात गर्दी नसते, तेव्हा घासाघीस करायला जास्त वाव मिळतो. गरजेचं कापड त्या दिवसांत घ्या.

एका नेसण्याला किती पडले?

साडी स्वस्त की महाग, हे नुसत्या किमतीवर ठरत नाही. दोन गोष्टी धरा. एक, साडीचा पूर्ण खर्च. त्यात ब्लाऊजची शिलाई, अस्तर, फॉल-पिको आणि परकर हे सगळं मिळवायचं. दोन, ती किती वेळा नेसली जाणार.

लग्नासाठी २,००० ची चमकदार साडी घेतली. शिलाई-अस्तर ३५०, फॉल-पिको १००, परकर १५०. झाले २,६००. ती चार वेळा नेसली, मग टिकल्या टोचतात म्हणून पेटीत गेली. एका नेसण्याला ६५० रुपये पडले.

दुसरीकडे ४५० ची सुती साडी. शिलाई आणि फॉल-पिको धरून ७५०. आठवड्यातून दोनदा, वर्षात शंभर वेळा नेसली. एका नेसण्याला साडेसात रुपये.

आता तिसरी. एखादीनं पैसे साठवून ६,००० ची कोशाची साडी घेतली, वरचा खर्च धरून ६,६००. वर्षात सहा वेळा नेसली आणि पंधरा वर्षं जपली, म्हणजे नव्वद वेळा. एका नेसण्याला ७३ रुपये. किमतीनं सगळ्यात महाग, पण त्या चमकदार साडीपेक्षा किती तरी स्वस्त पडली.

कोशाचा विषय निघाला म्हणून आणखी थोडं. हा आपल्या भागाचा दागिना आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाची अळी पाळतात. आपल्या पूर्व विदर्भात ढिवर समाजातली अनेक कुटुंबं हे काम पिढ्यान् पिढ्या करत आली. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला त्याआधी आपण ज्या भंडारा जिल्ह्यात होतो, त्याच जिल्ह्यातलं मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव कोशाच्या विणकामासाठी ओळखलं जातं. काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेल्या विदर्भातल्या करवत काठी साडीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. बाजारात कोसा म्हणून पॉलिस्टरही गळ्यात मारतात. त्यासाठी पदराच्या टोकाचे दोन-चार धागे काढून जाळून बघा. खरं रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटानं चुरते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची टणक गुठळी होते.

फोनवर साड्या बघणाऱ्या तायांनाही एक सांगणं. "२,००० ची साडी १९९ ला, लवकर लिंक उघडा" असं आलं की हात थांबवा. आधी पैसे भरायला सांगतात, ओटीपी विचारतात, तिथं साडी येत नाही, खातं मात्र रिकामं होतं. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा.

आहेराचं चाक

दुसऱ्या रकान्याकडे परत येऊ. आहेरात आलेल्या साड्यांचं काय होतं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. घडी मोडत नाही. ती साडी पेटीत जाते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या घरी. तिथून तिसऱ्या घरी. देणारी कमी भावाची बघून घेते, कारण द्यायचीच आहे. घेणारी नेसत नाही, कारण तिला ती आवडलेलीच नसते. पैसा दुकानात गेला, साडी चाकावर बसली आणि अंगावर कुणाच्याच आली नाही.

गटापुरता हिशेब करा. गटात बारा जणी आहेत. एकीच्या घरी लग्न निघालं की बाकीच्या अकरा जणी एकेक साडी देतात. बाराही घरांत एकेक लग्न होईपर्यंत १२ गुणिले ११, म्हणजे १३२ साड्या झाल्या. एक साडी ४५० ची धरली तर ५९,४०० रुपये. एवढ्या पैशात गटाचा एखादा छोटा धंदा उभा राहतो.

आहेर तोडा असं मी म्हणत नाही. आहेर म्हणजे नातं आहे, लग्नघराला दिलेला हात आहे. तोच हात उपयोगाचा करता येतो. अकरा जणींनी ४५० प्रमाणे पैसे जमवले तर लग्नघरी एकदम ४,९५० रुपये जातात. त्यात तांदूळ-डाळीचा किराणा होतो, मंडपवाल्याचा विसार होतो. किंवा लेकीला तिच्या पसंतीची एकच चांगली वस्तू सगळ्यांच्या नावानं देता येते. ज्यांची ऐपत नाही त्यांच्यासाठी रक्कम कमी ठरवता येते. मात्र हे एकटीनं करता येत नाही. एकटीनं साडी नाही नेली तर "कंजूस" म्हणतात. बारा जणींनी ठराव करून इतिवृत्तात लिहिला की ती गटाची रीत होते. आपल्या जिल्ह्यात वेगवेगळ्या समाजांचे सामूहिक विवाह होतातच. सगळ्यांनी मिळून ठरवलं की मानपान कमी होतो, हे आपण डोळ्यांनी बघतो.

हौस ही लाज नाही

आता तिसरा रकाना. "आपलं काय बाई, झालं आता वय", "घरात पैसे नाहीत अन् हिला रंग सुचतात" अशी वाक्यं बोलून आपण हा रकाना कोरा ठेवतो. पण अंगावरचं कापड ही लहान गोष्ट नाही. बाईनं काय घालावं हे दुसऱ्यांनी ठरवण्याचा इतिहास मोठा आहे, आणि ते नाकारण्याचाही.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं आलेल्या स्त्रियांशी बोलले. त्या काळी लुगडं गुडघ्यापर्यंत नेसणं आणि अंगावर कथलाचे-चांदीचे जड दागिने घालणं, यावरून बाई "अस्पृश्य" आहे हे लांबून ओळखू येई. ही खूण टाकून द्या, लुगडं नीट पायापर्यंत नेसा, असं त्यांनी सांगितलं. महागाचं घ्या असं सांगितलं नाही. कापड फाटकं असलं तरी चालेल, पण स्वच्छ असावं, असा त्यांचा आग्रह होता. बायांनी ते लगेच अमलात आणलं. पैसा फार लागला नाही, पण माणूस म्हणून ताठ उभं राहता आलं.

दुसरी गोष्ट अलीकडची. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला. नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही परिपत्रक काढून इतर गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

आपल्या प्रत्येक गटात एखादी तरी ताई अशी असते, जिनं नवरा गेल्यापासून गडद रंगाचं काही घेतलेलं नाही. तिला हिरवा आवडत नाही असं नाही. लोक काय म्हणतील, हे तिचं खरं कारण असतं. एखाद्या सुनेला रोवणीला आणि मजुरीला जायला ड्रेस सोयीचा वाटतो, पण सासरी साडीच हवी असते. एखाद्या सासूबाईंना नऊवारी आता जड होते, पण "या वयात गाऊन कसा घालू" म्हणून त्या तशाच वावरतात. या तिघींचा प्रश्न पैशाचा नाही. त्यांच्या बाजूनं कुणी बोललं तर तो सुटू शकतो. गटानं एवढं तरी करावं, की आपल्या बैठकीत कुणी कुणाच्या कपड्यावरून टोमणा मारणार नाही, आणि हळदी-कुंकवाला विधवा ताई पहिल्या रांगेत बसेल.

आवड पुरवायला दर वेळी खरेदीच लागते असंही नाही. एक दिवस पेटी उघडा. साड्यांचे तीन ढीग करा : नेसते, नेसत नाही, कुणाला देता येईल. "नेसते" या ढिगाकडे नीट बघा. त्यात कोणते रंग पुन्हा पुन्हा आले? सुती आहेत की सिंथेटिक? काठ मोठा की बारीक? तीच तुमची खरी आवड. पुढची साडी घेताना दुकानातली चकाकी बघायची नाही, हा ढीग आठवायचा. "नेसत नाही" मधल्या साडीचा पोरीला ड्रेस शिवता येतो, पडदा होतो, जुन्या लुगड्याची वाकळ होते. काळा, लाल आणि सोनेरी असे तीन साधे ब्लाऊज असले तर सात-आठ साड्यांवर चालतात, दर साडीला नवी शिलाई लागत नाही. गटातल्या मैत्रिणींनी एकमेकींच्या लग्नाकार्याच्या साड्या अदलाबदल करून नेसल्या तर प्रत्येकीला दर लग्नात नवी साडी मिळते, तीही न घेता. फक्त परत देताना धुऊन, इस्त्री करून द्यायची. आणि आपल्याच गटात शिलाई मशीन चालवणारी ताई असेल तर काम तिलाच द्या. पैसा गावात राहतो.

जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये पात्र बहिणींच्या खात्यावर येतात. बहुतेक पैसे किराणा, दवाखाना आणि पोरांवर जातात, आणि ते बरोबरच आहे. पण खातं तुमच्या नावाचं आहे. त्यातले महिन्याला १०० रुपये तिसऱ्या रकान्यात टाका. वर्षाचे १,२०० होतात. त्या पैशातून घेतलेली साडी कुणी पसंत करून आणलेली नसेल आणि आहेरातली उरलेलीही नसेल. तिचा रंग तुम्ही ठरवलेला असेल.

आणि आपल्या कार्यक्रमाची साडी?

हा मुद्दा आपल्या सगळ्या गटांसाठी आणि संघासाठीही आहे. ८ मार्च किंवा वार्षिक सभा आली की अनेक ठिकाणी "सगळ्या जणी एकसारख्या साडीत" असं ठरतं. दिसायला सुरेख दिसतं, फोटो छान येतो, एकीची भावना वाटते. पण ४०० - ५०० रुपये वर्गणी निघाली की एक-दोन ताया त्या दिवशी आजारी पडतात. ताप वगैरे नसतो, पैसे नसतात. ज्या बाईसाठी गट आहे, तीच गटाच्या कार्यक्रमाला येत नाही.

यावर चर्चा करा. एकसारखी साडी न ठरवता एकच रंग ठरवता येतो : "सगळ्या जणी हिरव्यात" किंवा "पिवळ्यात". घरातली जुनी असो, नवी असो, मैत्रिणीची मागून आणलेली असो, चालेल. ज्यांना एकसारखी साडीच हवी आहे त्यांनी सहा महिने आधीपासून महिन्याला ७० - ८० रुपये जमा करावेत. आणि निर्णय घेताना गटातल्या सगळ्यात अडचणीत असलेल्या ताईला परवडेल का, हे आधी बघावं. मात्र तिला सगळ्यांसमोर विचारू नका, ते आपणच समजून घ्यायचं असतं.

पुढच्या बैठकीत करायचं काम

१. प्रत्येकीनं गेल्या वर्षीचा कपड्यांचा खर्च आठवून तीन रकान्यांत लिहावा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना सचिव ताईनं किंवा शाळेत जाणाऱ्या पोरीनं मदत करावी. आकडे आपल्याजवळच ठेवायचे, मोठ्यानं वाचायची सक्ती नाही.

२. कोणता रकाना सगळ्यात मोठा निघाला, एवढंच हात वर करून सांगावं.

३. एका साडीचा "एका नेसण्याचा खर्च" काढून बघावा. एक सगळ्यात महागाची घ्या आणि एक सगळ्यात आवडीची.

४. गटातल्या लग्नांच्या आहेराबद्दल बोलावं. सगळ्यांचं एकमत झालं तर ठराव लिहावा. नाही झालं तर घाई करू नका, पुढच्या बैठकीत पुन्हा घ्या.

५. या दिवाळीसाठी महिन्याला किती बाजूला काढायचं, ते प्रत्येकीनं ठरवावं. आकडा लहान असला तरी चालेल.

६. शेवटी प्रत्येकीनं सांगावं : "मला हा रंग आवडतो." बस्, एवढंच. किती जणींना हे सांगायला वेळ लागतो, ते बघा.

तीन रकान्यांचं पान वहीला टाचून ठेवा. पहिला रकाना कधी कापायचा नाही, दुसरा सगळ्यांनी मिळून लहान करायचा आणि तिसरा कोरा ठेवायचा नाही. तुमच्या गटात काय ठरलं ते संघाच्या मासिक सभेत नक्की सांगा, पुढच्या अंकात इतर गटांपर्यंत पोहोचवू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक ताई